गळालेला फर्मा

“बाई, थांबा. हे कुठलं वाचताय?” हेडफोनमधून कानसेनचा आवाज आला आणि मी थांबले. कानसेन म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक. स्टुडिओत सगळे त्याला याच नावाने ओळखतात, कारण खुर्ची करकरली तर ती कुणाच्या कंटाळ्याने करकरली हेही त्याला कळतं. मी म्हटलं, “आहे तेच वाचतेय.” “नाही हो. पुस्तक माझ्यासमोर उघडं आहे. ‘त्या पहाटे नदी चढली’ असं इथे कुठंही नाही. इथे तो घरी चाललाय.” “कोण?” “नावाडी. दुसरं कोण? भाषण संपलं, माणसं पांगली, आता तो घरी चाललाय.” मी खाली पाहिलं. टेबलावर नवी कोरी प्रत होती, उलटताना आवाज होऊ नये म्हणून पानं सुटी करून ठेवलेली, आणि समोरच्या पानावर खरंच लिहिलं होतं की तो घरी निघाला. मी ते पान जन्मात पाहिलेलं नव्हतं. एरवी मी आदल्या दिवशी सगळं वाचून येते, अडणाऱ्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारते. पण या कादंबरीचं काय वाचून यायचं? तिच्यातली नावाड्याची भाषणं मला झोपेतून उठवून विचारली तरी म्हणता येतात. तिच्या जोरावर मी माझं आयुष्य, म्हणजे जे काही आहे ते, उभं केलं. आणि बोलून झाल्यावर हा माणूस घरी जातो, हे मला ठाऊकच नव्हतं. “पाणी प्या,” कानसेन म्हणाला. “नाहीतर असं करू, जेवूनच घेऊ. तुमचा डबा आला असेल खाली.”

खाली पहारेकऱ्याच्या टेबलावर, त्याच्या टॉर्चशेजारी डबा होता. डब्याच्या झाकणाला एका बाजूने पोचा आहे, त्यामुळे ते बंद करताना एका ठरावीक कोनातच दाबावं लागतं. ते फक्त धाकटीला जमतं. धाकटी म्हणजे माझी बहीण. तिला घरात दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही, आणि आता तर हाक मारणारंही कुणी उरलं नाही. “आत्ताच ठेवून गेल्या,” पहारेकरी म्हणाला. “म्हटलं वर जा की, लिफ्ट चालू आहे. तर म्हणे नको, घाई आहे.” तिला आता कसली घाई? आई होती तेव्हा घाई होती. आईला एकटं ठेवता येत नसे, म्हणून धाकटी डबा ठेवायची आणि पळायची. आई थंडीत गेली. घाई धाकटीच्या पायांत तशीच राहिली. मला वाटलं होतं, आज तरी डबा येणार नाही. दुसऱ्या कुणाचाही आला नसता. आज संध्याकाळी धाकटी मला घराची किल्ली परत देणार होती.

घर माझं. दोन खोल्या, एक गच्चीवजा सज्जा, आणि कागदांवर माझं नाव. तिथे राहायच्या मात्र आई आणि धाकटी. मी स्टुडिओच्या मागच्या गल्लीत एका खोलीत भाड्याने राहते, कारण माझं पोट आवाजावर, आवाज झोपेवर, आणि आजारी माणसाच्या घरात झोप कुणाच्या वाट्याला येत नाही. धाकटीच्या येत होती का, हे मी विचारलं नव्हतं. मध्यंतरी आवाज फाटायला लागला तेव्हा घशाच्या डॉक्टरने आरसा आत घालून पाहिलं. “आवाज हे तुमचं भांडवल,” तो म्हणाला, “आणि तुम्ही ते नुसतं खर्चत आलात.” तोंड उघडं असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. आणखी काही वर्षं, तीही जपून. पुढे काय, हे डॉक्टरने सांगितलं नाही. ते त्याच्या फीमध्ये नव्हतं. म्हणून मी घर विकायला काढलं. गिऱ्हाईक मिळालं. धाकटीला म्हटलं, तुला इथेच राहायचं असेल तर भाडं ठरवू, बाजारभावाने नाही लावणार, मग विकायची गरजच नाही. कुणाला खरं वाटणार नाही, पण मी हे आदराने म्हटलं होतं. ती शेगडी पुसत होती. “मी कुठनं देऊ भाडं, ताई?” ती म्हणाली. फडकं पिळलं, वाळत घातलं, आणि मग म्हणाली, “बरं. किल्ली कधी हवीय?”

डबा घेऊन मी जिन्यातच बसले. हातात घास होता आणि डोळ्यांपुढे मामाच्या घरातलं मोरीचं दार. वडील गेल्यावर आम्ही तिघी मामाकडे राहायला गेलो. मामा गरीब स्वभावाचा, आणि मामीही वाईट नव्हती. जेवताना ती कधी टोकायची नाही. टोकलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ती फक्त आल्यागेल्याला सांगायची, “आपलीच माणसं म्हटल्यावर टाकून कशी द्यायची?” आणि मोरीत भांडी घासताना आम्ही तिघी ते ऐकायचो, टाकून न दिलेल्या वस्तूंनी ऐकावं तसं. सातवीनंतर मी शाळा सोडली आणि पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागले. तिथे एका लांबलचक टेबलावर फर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडलेले असत. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. टेबलाभोवती फिरत प्रत्येक गठ्ठ्यावरून एकेक घडी उचलत जायचं. फेरी पुरी झाली की हातात पुस्तक. दिवसभर चालून आम्ही बायका कुठेच पोचत नसू. मला वाचायचा नाद होता, पण थांबायला बंदी, म्हणून मी प्रत्येक गठ्ठ्याची वरची ओळ चालता चालता वाचायची आणि मधलं मनाने भरून काढायची. अशा एका फेरीत ती ओळ दिसली: ‘ज्याला मी फुकट पलीकडे नेलं, त्याला मी माणूस म्हणून नेलं नाही, गाठोडं म्हणून नेलं.’ मी जागच्या जागी थबकले. मागची बाई पाठीवर आदळली. “चल की गं! का इथेच संसार मांडतेस?” मी ती घडी उचलली, दोन पावलं पुढे झाले, आणि त्या नादात पुढच्या गठ्ठ्यावरची घडी उचलायची राहून गेली.

शिवून झाल्यावर ती प्रत फोरमनने पकडली. कारखान्याचा नियम साधा होता. ज्याच्या हातून चूक, त्याच्या पगारातून पुस्तकाची किंमत वजा, आणि पुस्तक त्याच्या गळ्यात. इतर बायका रडायच्या. मी ते पुस्तक छातीशी धरून घरी आणलं. मामीने विचारलं, “कुणी दिलं?” मी म्हटलं, “विकत घेतलं.” ‘विकत’ हा शब्द त्या घरात मी पहिल्यांदाच उच्चारला होता आणि तो तोंडात असा बसला, जसा काही माझ्याच मापाने शिवलाय. एक फर्मा गळालाय हे मला माहीत होतं. पानांचे आकडे उडी मारत होते. पण भाषण पुरं होतं ना. आधीच्या घडीच्या शेवटच्या ओळीपर्यंत नावाडी बोलत होता आणि नंतरच्या पानावर थेट नदी चढत होती. पुढे पुढे तर मी ती उडी विसरूनच गेले. मला वाटायचं, काय हिंमत आहे या लेखकाची! माणूस बोलायचा थांबतो आणि उत्तर द्यायला नदी उठते.

आणि बोलतो तरी कसा तो. धक्क्यावर सगळा गाव जमलाय, सख्ख्या भावालाही भाडं घेतल्याशिवाय नावेत घेतलं नाही म्हणून त्याला नावं ठेवतोय, आणि तो वल्हं टेकवून उभा. ‘मी भाडं घेतो म्हणून तुम्ही मला हावरा म्हणता. मी भाडं घेतो, कारण समोरच्याकडे द्यायला काहीतरी आहे असं धरून चालतो. गाठोड्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, तुला पलीकडे जायचंय का. पैसा दिला, घेतला, दोघे मोकळे. पुन्हा भेटले तर मान वर करून भेटतील. उपकाराचं तसं नाही. त्याची किंमत देणारा ठरवतो, आणि ती रोज वाढते.’ हे मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून वाचलं होतं, तेव्हा ते कादंबरीतलं वाटलंच नाही. आमच्याच घरातलं कुणीतरी शेवटी तोंड उघडून बोललं असं वाटलं. पुढच्या पगाराला मी मामीपुढे आम्हा तिघींच्या जेवणाचे पैसे ठेवले. “अगं, घरच्यांकडनं कुणी घेतं का!” मामी म्हणाली, आणि घेतले. पण त्या दिवसापासून आल्यागेल्यासमोरचं ते वाक्य बंद झालं. मी धाकटीला म्हटलं, “बघितलंस? नावाड्याचं खरं निघालं.” धाकटी मामीच्या तान्ह्याला मांडीवर थोपटत होती. “मग मी याला सांभाळते त्याचे मागू का?” तिने विचारलं. मी म्हटलं, “गप. तू लहान आहेस.”

ते भाषण मी कारखान्यात मोठ्याने म्हणायला लागले. पाय चालायचे, हात उचलायचे, आणि तोंड नावाड्याचं. त्या तालात बायकांचं काम भराभर व्हायचं म्हणून फोरमननेही अडवलं नाही. तिथेच एका प्रकाशकाच्या कानावर माझा आवाज पडला, आणि होता होता मी इथे या काचेमागे येऊन बसले. उच्चार रेडिओ ऐकून सुधारले, विरामचिन्हं श्वास पुरेना म्हणून कळली. सुट्टीच्या दिवशी आईकडे जायची आणि तिच्या उशाशी बसून पुढच्या पुस्तकाची तालीम करायची. आईला नवीन काही ऐकायचं नसे. “तो नाववाला वाच,” म्हणायची. मी वाचायची. भिंतीपलीकडे धाकटीच्या भांड्यांचा आवाज यायचा, तो मध्येच थांबायचा. मी समजायची, काम संपलं.

जेवण झालं. डबा नेहमीसारखा न धुता पिशवीत टाकला आणि वर जाऊन पुन्हा काचेमागे बसले. “घरी निघाला, तिथून घेऊ,” कानसेन म्हणाला. पहिल्या भेटीतल्या माणसाशी बोलावं तसं जपून मी वाचायला लागले. नावाडी चढण चढतो. घर येतं. बहिणीने ताट मांडून ठेवलेलं आहे. नावेत दिवसभर साचलेलं पाणी उपसून ती नुकतीच वर आली आहे, तिचे हात अजून ओले आहेत. नावेत पाणी साचतं, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ती नाव गळकी होती? आणि रोज कुणीतरी ती उपसत होतं? नावाडी जेवतो. पानभर जेवतो. मीठ कमी आहे म्हणतो. ‘घे अजून,’ बहीण म्हणते. मग तो झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणी वकील येतो, धक्क्याच्या मालकीवरून भांडण निघतं, आणि त्या सोळा पानांत बहीण परत तोंड उघडत नाही. लेखकही तिच्याबद्दल काही म्हणत नाही. ज्याने नदीवरच्या प्रत्येक नाण्यावर नजर ठेवली, त्याच्या नाकासमोरून एक अख्खं जेवण गेलं आणि त्याने वर मान केली नाही. किंवा लेखकाला दिसलं असेल, आणि म्हणूनच त्याने ते भाषणाला लागून ठेवलं असेल. कोण जाणे. इतकी वर्षं मी त्याला तिथे बोलूच दिलं नव्हतं.

“बाई, बहिणीचा आवाज वेगळा काढणार का?” कानसेनने विचारलं. “एकच वाक्य आहे. सोडून दिलंत तरी चालेल.” मी म्हटलं, “काढते.” मी म्हटलं, ‘घे अजून.’ तो म्हणाला, “नको. उपकार केल्यासारखं वाटतंय.” पुन्हा म्हटलं. “आता मागितल्यासारखं वाटतंय.” पुन्हा. “हा नावाडीच बोलतोय.” मला दमल्यासारखं झालं. दमणं घशात नव्हतं, कुठेतरी खाली, पायांत होतं, त्या टेबलाभोवतीच्या फेऱ्यांमधलं. दोन शब्द. मी डोळे मिटले. झाकण आठवलं, पोचा आलेला, आणि ते बंद करताना धाकटी मान जराशी कलती करते ते. तिचं लक्ष ना माझ्याकडे असतं ना स्वतःकडे, फक्त झाकणाकडे. ‘घे अजून,’ मी म्हटलं. काचेपलीकडे कानसेनने पुस्तकात खूण केली. म्हणाला, “हे ठेवतो.”

संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा भाषण खोटं पडलं असं माझ्या मनात नव्हतं. मामीच्या घरात ते खरंच होतं, आजही त्याला कुणी बोट लावलं तर मी भांडेन. पण पायऱ्या चढताना ते पूर्वीसारखं आधाराला येईना. दार उघडंच होतं. आईची खाट गेली होती, भिंतीवर तिच्या डोक्याचा तेलकट डाग तेवढा राहिला होता. धाकटीने एक बॅग भरली होती आणि बाकीचं चादरीत बांधलं होतं. टेबलावर मधोमध किल्ली. “ये,” ती म्हणाली. “चहा टाकते. डबा आणलास?” “कुठे जाणार आहेस तू?” मी विचारलं, आणि हे आपण आज पहिल्यांदाच विचारतोय हे माझ्या लक्षात आलं. “काम मिळालंय. एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांना सांभाळायचं. राहायचं तिथेच, सोमवारपासून.” मग जरा थांबून, चव घेत असल्यासारखी म्हणाली, “पगारी. त्यांच्या मुलाने विचारलं, अनुभव आहे का? म्हटलं, आहे. तर म्हणे, आधी जिथे होतात तिथलं कुणी सांगेल का तुमच्याबद्दल? म्हटलं, त्या वारल्या.” आणि ती हसली. तिला हसू आलं की ती तोंडावर मनगट धरते, हात नेहमी ओले म्हणून.

“जाऊ नकोस,” मी म्हटलं. “राहा इथेच. मला भाडं नको. गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवते.”

“फुकट?”

“हो. फुकट.”

“म्हणजे गाठोडं?” धाकटी म्हणाली, आणि चहाच्या भांड्याकडे बघत तिने भाषण म्हणायला सुरुवात केली. ‘गाठोड्याला कुणी विचारत नाही, बाबा रे...’ माझ्याच चालीत, मी जिथे श्वास घेते तिथेच श्वास घेत, ‘रोज वाढते’ पर्यंत. एक शब्द चुकला नाही. “भिंतीपलीकडून ऐकून ऐकून झालंय पाठ,” ती म्हणाली. “आईलासुद्धा झालं होतं. तिला औषध पाजलं की विचारायची, भाडं किती झालं गं? मी म्हणायची, ताई देईल.” माझं तोंड बघून तिने घाईघाईने जोडलं, “अगं, मजेत. खूप हसायचो आम्ही.”

मी खुर्चीत बसले. पिशवी मांडीवर. “धाकटे,” मी म्हटलं, “त्या पुस्तकात एक फर्मा कमी होता.” “माहितेय की. तूच गाळलास, पगार कापला तुझा.” “त्यात काय होतं ते आज वाचलं.” “काय होतं?” “भाषण झाल्यावर तो घरी जातो. जेवतो.” “वाढतं कोण?” “बहीण.” धाकटी वळली. “त्याला बहीण आहे?” “आहे. नावेतलं पाणी तीच उपसते.” “नाव काय तिचं?” “नाव दिलेलं नाही.” “तरी म्हटलं,” धाकटी म्हणाली. “बोलते का काही?” “घे अजून, म्हणते.” “आणि?” “एवढंच.” “मग पुढे?” “पुढे पूर येतो.” “आणि ती?” मी आठवून पाहिलं. पूर मला सगळा पाठ आहे. वाहून गेलेली छपरं, गुरं, झाडाला अडकलेली नाव, देवडीवर चढून बसलेला वकील. एकेक ओळ मी मनातल्या मनात चाळली, आणि ती कुठेच नव्हती. “तिचं पुढे काही येत नाही,” मी म्हटलं.

धाकटीने दोन कपांत चहा ओतला. एक माझ्यापुढे सरकवला. सज्ज्याकडे बघत तिने एक घोट घेतला.

“सोमवारी कामावर गेली असेल,” ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती गल्लीत बसत नव्हती. ती जाणार हे मला कळलं होतं, आणि तिने जावं हेही. पगारी म्हणताना तिच्या तोंडावर जे आलं होतं ते मी ओळखत होते; ‘विकत’ म्हणताना माझ्या तोंडावर तेच आलं असणार. ते मी तिच्याकडून काढून घेणार नव्हते. “जा,” मी म्हटलं. “पण किल्ली तुझ्याकडे राहू दे. घर विकत नाही मी.” “आणि तुझा घसा गेल्यावर?” “तेव्हा ओरडणार नाही तुझ्यावर, तुझाच फायदा.” ती हसली नाही. किल्लीला तिने हातही लावला नाही. मी म्हटलं, “तुला सुट्टी देतील ना एखादी? त्या दिवशी इथे यायचं. जेवण मी करीन.” “तू?” “मी.” “तुला शेगडी कुठल्या बाजूने पेटते ते माहितेय का?” “शिकीन. आणि पैसे घेईन.” आता मात्र तिचं मनगट तोंडावर गेलं. “चव बघून देईन,” ती म्हणाली, आणि किल्ली उचलून चादरीच्या गाठीत न बांधता, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली, चटकन हाताला लागेल अशी.

मी पिशवीतून डबा काढला आणि मोरीकडे गेले. “ठेव तो, मी घासते,” ती उठायला लागली. मी म्हटलं, “बस.” ती बसली. तिला बसायची सवय नव्हती, खुर्चीच्या टोकावर बसली. डबा घासायला मला वेळ लागला. इतकी वर्षं तो रोज माझ्याकडे आला आणि त्याला आत कडेने एक खाच आहे, जिच्यात अन्न अडकतं, हे मला आज कळत होतं. धुतला, पुसला. मग झाकण लावायला गेले तर ते बसेना. एका बाजूने दाबलं की दुसरीकडून उठे. फिरवून पाहिलं. तळव्याने ठोकलं. मागे खुर्ची करकरली. मला वाटलं ती येऊन हातातून घेईल. पण ती जागची उठली नाही.

“जोर नको लावूस,” धाकटी तिथूनच म्हणाली. “कोन बघ.”

मी मान जराशी कलती केली.